ताइ-ची, अथवा सावकाश व्यायामाची संवय

बैल लंगडूं लागला तर शेतकरी त्या दिवशीं औत सोडतो, खूर धुऊन पाहतो, कांटा सांपडला नाहीं तर शेजाऱ्यास बोलावतो, आणि तरीही उमज पडली नाहीं तर पशुवैद्याकडे धांवतो. स्वतःचा गुडघा चार महिने दुखत असला तर मात्र तो वयोमान म्हणून सोडून देतो. उंबरठा ओलांडतांना दाराची चौकट धरावी लागते, उठतांना हात जमिनीस टेकावा लागतो, पाट उडी मारून ओलांडण्याऐवजीं वळसा घालून जावें लागतें. ह्या गोष्टी इतक्या हळूहळू येतात कीं त्या आल्या हें कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं. पुढें एखाद्या दिवशीं ओल्या बांधावरून पाय घसरतो, मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडतें, आणि ज्याच्या नजरेखालीं वीस एकरांचा कारभार चालत होता तो मनुष्य खाटेवर पडून गड्यांना हांका मारूं लागतो. खुब्याचें हाड मोडलेल्या वृद्धांपैकीं पुष्कळांना शस्त्रक्रिया होऊनही पूर्वींसारखें चालतां येत नाहीं, हें कोणताही डॉक्टर सांगेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें नुसत्या पडण्यामुळें जगांत दरवर्षीं सुमारें ६,८४,००० माणसें दगावतात, व त्यांत साठीच्या पुढच्यांचा भरणा सर्वांत अधिक असतो.

ह्या पडण्यावर जे उपाय कसोटीस उतरले आहेत त्यांपैकीं एक चीनमधील एका शेतकऱ्यांच्या गांवांतून निघालेला आहे. त्याचें नांव ताइ-ची. हें शहरांतील सुखवस्तु लोकांचें कांहीं नवें खूळ असावें अशी आमच्या कित्येक वाचकांची समजूत असण्याचा संभव आहे. म्हणून हा व्यायाम आला कोठून, त्यांत करतात काय, त्याचा गुण कितपत सिद्ध झाला आहे, आणि शेतकऱ्याच्या दिवसांत तो बसवावा कोठें, ह्याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

कष्ट आणि व्यायाम

पहिला आक्षेप ठरलेलाच आहे. दिवसभर शेतांत राबणाऱ्याला व्यायाम कशाला? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. कष्टानें अंगांत बळ येतें हें खरेंच आहे. परंतु कष्ट हे पिकाच्या सोयीनें होतात, शरीराच्या सोयीनें होत नाहींत. खुरपणी करणारी बाई चार चार तास उकिडवी बसते. तिच्या गुडघ्याचा वांक तोच, कमरेचा वांक तोच, आणि खुरपें नेहमीं एकाच हातांत. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला गडी एका हातानें दांडा हापसतो व दुसऱ्या हातानें नळी फिरवतो. संध्याकाळीं त्याचा एकच खांदा भरून येतो. एकाच वावरांत वर्षानुवर्षें एकच पीक घेतल्यानें जमिनीचा कस जातो हें आपणांस कोणी सांगावयास नको. सांध्यांची गोष्ट याहून फार निराळी नाहीं.

शिवाय कष्टांचें स्वरूपही आतां पालटलें आहे. ज्यांच्या हातीं हें मासिक पडतें अशा जमीनमालकांपैकीं किती जण आज नांगरामागें चालतात? नांगरट ट्रॅक्टरनें होते, शेतावर जाणें मोटरसायकलवरून, आणि विहिरीवरचा पंप कित्येकांच्या घरीं मोबाइलवरून सुरू होतो. चालणें कमी झालें, परंतु पडण्याच्या जागा मात्र होत्या तितक्याच राहिल्या. रात्रीं पाणी देण्याची पाळी आली म्हणजे एका हातांत विजेरी व दुसऱ्या हातांत फावडें घेऊन चिखलांतून बारें द्यावयास जावेंच लागतें. मनुष्याचा तोल तीन आधारांवर राहतो : डोळ्यांस जें दिसतें तें, कानाच्या अगदीं आंतल्या भागांत असलेलें तोल कळण्याचें इंद्रिय, आणि तळपाय व सांधे यांना होणारी जमिनीची जाण. अंधारांत पहिला आधार जातो. वयानें दुसरा मंदावतो. राहतो तो तिसरा, आणि तोही वयाबरोबर बोथट होत जातो. शेतांतील कोणतेंही काम ह्या तिसऱ्या आधारास मुद्दाम शिकवीत नाहीं. तें शिकविणें हेंच ताइ-चीचें मुख्य काम आहे असें आमचें मत आहे. बाकीचे गुण मागाहून.

चेन कुळाचें गांव

चीनच्या हेनान प्रांतांत पिवळ्या नदीच्या उत्तरेस वेन नांवाचा परगणा आहे. मुलूख सपाट, नदीच्या गाळाचा. गहूं व मका हीं मुख्य पिकें. तेथील एक कंद चीनभर नांवाजलेला आहे. तो आपल्याकडील कोनफळाच्या कुळांतला असून काठीसारखा लांब व सरळ वाढतो, आणि 'लोखंडी कांब' अशा अर्थाच्या नांवानें विकला जातो. ह्याच परगण्यांत चेनज्यागौ हें गांव आहे. चेन घराणें चौदाव्या शतकांत शानशी प्रांतांतून येऊन इकडे वसलें असें त्या घराण्याचा वृत्तांत सांगतो. सतराव्या शतकांत ह्या कुळांत चेन वांगतिंग नांवाचा एक शिपाईबाण्याचा पुरुष होऊन गेला. १६४४ सालीं मिंग घराण्याची राजवट कोसळली. पुढें गांवीं राहून हा गृहस्थ हंगामांत शेत कसूं लागला व रिकाम्या दिवसांत जुने मुष्टियुद्धाचे डाव जुळवून त्यांतून एक नवी पद्धत बसवूं लागला, अशी परंपरा आहे. ताइ-चीच्या उगमाविषयीं दुसरीही एक कथा प्रसिद्ध आहे; ती हिचें जनकत्व डोंगरांत राहणाऱ्या एका ताओपंथी सिद्धपुरुषाकडे देते. ती ऐकावयास गोड आहे, परंतु तिला पुराव्याचा आधार नाहीं. चेनांच्या गांवाचा पुरावा त्यांतल्या त्यांत भक्कम आहे, आणि ही विद्या सिद्धाच्या गुहेपेक्षां शेतकऱ्याच्या अंगणांत जन्मली हें आम्हांस अधिक संभवनीय वाटतें.

मुळांत ही लढण्याची विद्या होती, आरोग्याची नव्हे. पूर्ण नांव ताइ-जी-छ्वान. 'ताइ-जी' म्हणजे ज्यापासून यिन व यांग, सावली व ऊन, हीं दोन्ही निघतात तें परमतत्त्व; 'छ्वान' म्हणजे मूठ. इंग्रजी वळणानें झालेल्या 'ताइ-ची' ह्या रूपांतील 'ची' म्हणजे श्वास किंवा प्राण असें पुष्कळ लोक समजतात व तसें छापतातही. वास्तविक तो शब्द निराळा, हा निराळा. असो.

ही विद्या बराच काळ त्या कुळाच्या बाहेर फारशी गेली नाहीं. एकोणिसाव्या शतकांत हेबेई प्रांतांतील युंगन्येन येथला यांग लूछान (१७९९–१८७२) हा चेन छांगशिंग ह्या गुरूपाशीं येऊन ती शिकला व पुढें राजधानींत मांचू सरदारांस शिकवूं लागला. त्याचा नातू यांग छंगफू (१८८३–१९३६) यानें तिला आज दिसणारें रूप दिलें. त्याच्या हातांत ती विद्या सावकाश, मोकळी व एका लयीची झाली, आणि त्यामुळें ती पहिलवानाखेरीज इतरांसही झेपूं लागली. १९५६ सालीं चीनच्या सरकारी क्रीडा मंडळानें ह्या यांग पद्धतींतून निवडून २४ हालचालींची एक सोपी मालिका तयार केली. ती सावकाश केली तरी पांच-सहा मिनिटांत पुरी होते. आज बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या बागेंत पहांटेपासून म्हातारे स्त्री-पुरुष ह्या हालचाली करतांना दिसतात. डिसेंबर २०२० मध्यें युनेस्कोनें ताइ-जी-छ्वानची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत केली.

ह्या हालचालींचीं नांवें पाहिलीं कीं तीं ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें काय होतें तें कळतें. एकीचें नांव रानघोड्याची आयाळ दुभागणें, दुसरीचें पांढऱ्या क्रौंचानें पंख पसरणें. वानराला मागें हटविणें, चिमण्या पांखराची शेपटी धरणें, सोनेरी कोंबडा एका पायावर, ढगांसारखे हात. एक हालचाल तर मागावर धोटा फेकणाऱ्या मुलीची आहे. चेन पद्धतींत ज्या गोल फिरत्या गतीवर सर्व भर असतो तिला रेशीम उलगडण्याची उपमा देतात. कोशावरून तंतू काढतांना हिसका दिला तर तो तुटतो, सैल सोडला तर गुंततो. तो एकाच ओढीनें, न थांबतां यावा लागतो. सावकाशीचें कारण ह्या उपमेंत आलें आहे. झटक्यानें केलेल्या हालचालींत वेग आपली चूक झांकतो. पाय मध्येंच डळमळला तरी आपण पुढें निघून गेलेले असतों. तीच हालचाल पांचपट सावकाश करून पाहावी, म्हणजे पाय कोठें डगमगतो हें लपत नाहीं, आणि जेथें तो डगमगतो तेथेंच त्यास शिक्षण मिळतें.

गुण कितपत सिद्ध आहे

बियाण्याच्या पिशवीवरील जाहिरात वाचून पेरा करणारा शेतकरी शहाणा समजला जात नाहीं. म्हणून आंकडे पाहूं. अमेरिकेंत अटलांटा येथें ७० वर्षांवरील २०० माणसांवर झालेला एक प्रयोग १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. १५ आठवड्यांच्या ताइ-चीनें पुन्हां पुन्हां पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनीं उतरला. ऑरेगन संशोधन संस्थेचा २०१८ सालचा प्रयोग याहून मोठा. ज्यांचें चालणें अस्थिर झालें होतें किंवा जीं वर्षभरांत पडलीं होतीं अशीं ७० वर्षांवरील ६७० माणसें त्यांत होतीं. सहा महिने, आठवड्यांतून दोनदां, एक एक तास शिक्षण दिल्यावर ताइ-चीवाल्यांचें पडणें, नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणारांच्या मानानें ५८ टक्क्यांनीं कमी झालें, व अनेक प्रकारचा मिश्र व्यायाम करणारांच्या मानानेंही ३१ टक्क्यांनीं कमी राहिलें. गुडघ्याच्या झिजेवर बॉस्टन येथील टफ्ट्स वैद्यकीय केंद्रांत २०४ रोग्यांवर प्रयोग झाला (२०१६); तेथें १२ आठवड्यांची ताइ-ची आणि तज्ज्ञाच्या हातची फिजिओथेरपी या दोहोंचा गुण जवळ जवळ सारखा आला.

हे प्रात्यक्षिक क्षेत्रावरचे उतारे झाले. सर्व प्रयोगांची एकत्र छाननी करणारा कॉक्रेन संस्थेचा २०१९ सालचा अहवाल ताइ-चीमुळें पडण्यांत सुमारें १९ टक्के घट होत असावी एवढेंच म्हणतो, आणि तेंही सावध शब्दांत. तोल राखण्याच्या व उठण्याबसण्याच्या इतर व्यायामांनीं सुमारें २४ टक्के घट होते असें तोच अहवाल अधिक खात्रीनें सांगतो. तेव्हां ताइ-ची हाच एकमेव मार्ग असें कोणी म्हणत असल्यास तें खरें नव्हे. आमची पसंती तिला आहे ती दुसऱ्या कारणानें. तिला साहित्य लागत नाहीं, जागा हातभर पुरते, कपडे बदलावे लागत नाहींत, धाप लागत नाहीं, आणि गुडघे कुरकुरणाऱ्या माणसालाही ती पहिल्याच दिवशीं सुरू करतां येते. जो व्यायाम चालूच राहतो तोच उपयोगीं पडतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वरील प्रयोगांतील माणसें शिक्षकाच्या नजरेखालीं महिनोन्महिने शिकलीं. घरीं रोज पांच मिनिटें केल्यानें तेवढेंच फळ पदरांत पडेल असें आम्ही म्हणत नाहीं. पांच मिनिटें ही सुरुवात आहे. तसेंच मधुमेह, रक्तदाब व सर्व जुनाट विकार ताइ-चीनें नाहींसे होतात असें सांगणारांपासून दूर राहावें, व चालू असलेलें औषध तिच्या भरंवशावर सोडूं नये.

आरंभ कसा करावा

जागा सपाट, कोरडी व न निसरडी हवी. ओसरी, सारवलेलें कोरडें अंगण किंवा खळें उत्तम. शेवाळलेली फरशी वर्ज्य. भिंत किंवा खांब हाताच्या अंतरावर असावा. पाय अनवाणी, अथवा पातळ व सपाट तळाच्या जोड्यांत. जेवण होऊन तास-दीड तास लोटलेला असावा.

पहिली गोष्ट उभें राहण्याची. दोन्ही पाय खांद्यांइतक्या अंतरावर, बोटें समोर, गुडघे ताठ न ठेवतां किंचित सैल. डोक्याच्या मध्यावर दोरा बांधून कोणीं वरून धरलें आहे अशी कल्पना करावी, म्हणजे मान आपोआप सरळ होते. खांदे खालीं सोडावे, हनुवटी थोडी आंत. श्वास नाकानें, जसा येईल तसा, कोंडूं नये. ह्या स्थितींत एक मिनिट राहावें. हें म्हणजे कांहींच न करणें असें वाटतें खरें, परंतु मिनिट संपण्याच्या आंत मांड्या निराळें सांगूं लागतात.

दुसरी गोष्ट वजन बदलण्याची, आणि सर्व ताइ-चीचें मूळ हेंच. अंग वांकडें न करतां सगळा भार सावकाश उजव्या पायावर न्यावा. चिनी शिक्षक एका पायास भरलेला व दुसऱ्यास रिकामा म्हणतात. डावा पाय खरोखर रिकामा झाला कीं नाहीं हें पाहण्याची खूण सोपी आहे : शरीराला हिसका न देतां त्याची टाच उचलतां आली पाहिजे. उचलतांना कंबर झटकली तर अजून त्यांत भार शिल्लक आहे. मग तितक्याच सावकाशीनें भार डाव्या पायावर. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाण्यास एक पूर्ण श्वास लागूं द्यावा. असें दहा वेळां. ज्याला भार जाणवत नाहीं त्यानें भरल्या गोणीची कल्पना करावी. ती एका बाजूनें दुसऱ्या बाजूला कलंडवितांना धान्य एकदम जात नाहीं, सरकत जातें.

ह्यावरूनच चालणें शिकावयाचें. आपण नेहमीं चालतों तेव्हां खरें पाहतां पुढच्या पायावर पडत असतों. पाऊल टेकण्यापूर्वींच भार निघालेला असतो, म्हणून खालीं निसरडें लागलें कीं परत फिरतां येत नाहीं. ताइ-चींत आधीं रिकामी टाच पुढें टेकवितात, मग तळवा, मग बोटें, आणि सर्व पाऊल बसल्यावर भार त्यांत ओततात. ह्या चालीला मांजराच्या चालीची उपमा देतात. भातलावणीच्या चिखलांत उतरणारा जाणता माणूस असेंच करतो. पुढचा पाय जमिनीचा ठाव घेतो, आणि तोंवर मागचा पाय त्याला सांभाळतो. भिंतीच्या कडेनें अशीं दहा पावलें जावें व दहा परत यावें.

तिसरी हालचाल हातांची, चोवीस हालचालींच्या मालिकेचा प्रारंभ हीच. श्वास घेत दोन्ही हात मनगटें सैल ठेवून खांद्यांपर्यंत समोर उचलावे. सोडीत खालीं आणावे व त्याच वेळीं गुडघे थोडे वांकवावे. पांच-सहा वेळां केलें म्हणजे पुरें.

चौथी ढगांसारखे हात. ही थोडी अवघड, पण हीच लोकांस सर्वांत आवडते. उजवा हात तोंडासमोर, तळवा आपल्याकडे. डावा हात बेंबीसमोर. भार उजव्या पायावर जाऊं लागतांच कंबर उजवीकडे वळते, व तिच्याबरोबर उजवा हात तोंडासमोरून उजवीकडे जातो. तेथें तो खालीं उतरतो, डावा वर येतो, आणि भार व कंबर डावीकडे वळतांना आतां डावा हात तोंडासमोरून डावीकडे जातो. रहाटगाडग्याचीं मडकीं जशीं एका बाजूनें वर येतात व दुसऱ्या बाजूनें खालीं जातात, तसें हें अखंड चालावें. हात स्वतः हलतच नाहींत, कंबर त्यांना नेते, असें वाटूं लागलें म्हणजे हालचाल जमली. प्रथम पाय जागीं ठेवूनच करावी.

गुडघ्यांविषयीं मात्र फार जपावें. गुडघा ज्या दिशेस वांकेल त्या दिशेस पायाचीं बोटें असलींच पाहिजेत, आणि तो बोटांच्या पुढें जातां कामा नये. वळावयाचें असल्यास आधीं भार काढून पाऊल वळवावें, मग अंग. रोवलेल्या पायावर गुडघा पिळला तर औषध म्हणून केलेलेंच दुखणें होऊन बसेल. चित्रांत दिसणारे चिनी उस्ताद जमिनीलगत बसतात. आपण उंच उभें राहूनच करावें. नुकतेंच हाड मोडलेलें आहे, वारंवार घेरी येते, किंवा मधुमेहानें तळपाय बधिर झाले आहेत अशांनीं डॉक्टरांस विचारून, आणि पहिले कांहीं आठवडे खांबास हात लावूनच आरंभ करावा.

संवय कोठें बांधावी

नवी संवय घड्याळास बांधूं नये, रोजच्या कामास बांधावी. शेतकऱ्याचें घड्याळ हंगामाबरोबर पुढेंमागें होतें. काम मात्र ठरलेलें असतें. धार काढून दूध डेअरीवर घातलें कीं परत आल्यावर ओसरीवर पांच मिनिटें, किंवा चहाचें आधण ठेवलें कीं तें उकळेपर्यंत. मोकळें जनावर भटकतें, खुंट्यास बांधलेलें जागेवर सांपडतें. पहिला पंधरवडा उभें राहणें व वजन बदलणें ह्यापुढें जाऊं नये, जरी जाववेसें वाटलें तरी. पुढच्या पंधरवड्यांत चालणें घ्यावें, मग हात. उत्साहाच्या भरांत पहिल्याच दिवशीं अर्धा तास करून दुसऱ्या दिवशीं मांड्या धरून बसणारा माणूस तिसऱ्या दिवशीं दिसत नाहीं.

एखादा दिवस चुकला तर चुकला. पाण्याची एक पाळी हुकली म्हणून पुढच्या पाळीस दुप्पट पाणी भरणारा शेतकरी पिकाचें मूळ कुजवितो. येथेंही चुकलेल्या दिवसाची भरपाई करूं नये. पेरणीची घाई, मळणी, ऊसतोड अशा दिवसांत सगळी मालिका होणार नाहीं हें आधींच धरून चालावें. परंतु वजन बदलणें कोठेंही होतें : दांत घासतांना, डेअरीच्या रांगेंत, वाफा भरेपर्यंत फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून. जवळ उभ्या असलेल्या माणसालाही तें कळत नाहीं.

कळलें तर लोक हांसतील, ही भीति अनेकांना असते व ती खोटी नव्हे. मोठ्या घरचा कर्ता पुरुष अंगणांत ढगांसारखे हात फिरवूं लागला तर गांवांत चार दिवस चर्चा होईलच. त्यांनीं परसांत करावें. एकट्यापेक्षां दोघांनीं, म्हणजे नवराबायकोनें किंवा आजोबा-नातवानें मिळून केलें तर तें अधिक टिकतें. घरांतील स्त्रियांस तर ह्याची गरज अधिक आहे. वय उतरल्यावर त्यांचीं हाडें पुरुषांपेक्षां लवकर ठिसूळ होतात, आणि डोक्यावर ओझें घेऊन बांधावरून चालण्याचें काम बहुधा त्यांच्याकडेच असतें.

ज्यांच्या घरीं सूर्यनमस्कारांची परंपरा आहे त्यांनीं ती सोडावी असें आमचें बिलकुल म्हणणें नाहीं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीं ज्या निष्ठेनें त्या व्यायामाचा प्रसार केला त्याचें महाराष्ट्रावर ऋण आहे. दोहोंचें काम निराळें. नमस्कारांत कणा पुढेंमागें वांकतो, अंग तापतें व भार बराचसा दोन्ही हातापायांवर वांटलेला असतो. ताइ-चींत अंग उभेंच राहतें आणि भार सतत एका पायावरून दुसऱ्यावर जात असतो. पन्नाशीनंतर ज्यांना नमस्कार झेपत नाहींसे झाले आहेत त्यांना ही दुसरी वाट मोकळी आहे.

दोन-तीन महिने ह्या चार हालचाली अंगवळणीं पडल्यावर चोवीस हालचालींची मालिका शिकावी. शिक्षक मिळत असेल तर त्याच्याकडे थोडे दिवस अवश्य जावें, कारण स्वतःची वांकलेली पाठ स्वतःला दिसत नाहीं. न मिळाल्यास मोबाइलवर ह्या मालिकेच्या चित्रफिती आहेत. त्यांतून पाठमोरा शिक्षक असलेली निवडावी, नाहींतर डाव्याउजव्याचा घोटाळा होतो. एका हालचालीस एक आठवडा धरला तर सहा महिन्यांत मालिका पुरी होते. ह्याहून घाई करण्याचें कारण नाहीं.

प्रगति पाहण्याची एक रीत सांगतों. भिंतीजवळ उभें राहून एक पाय उचलावा, उचललेला पाय दुसऱ्याच्या पोटरीमागें ठेवावा, नजर समोर, आणि आधार न घेतां किती सेकंद उभें राहतां येतें तें घरांतील कोणास मोजावयास सांगावें. ब्राझीलमध्यें ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ माणसांची अशी परीक्षा घेऊन पुढें कांहीं वर्षें त्यांच्यावर लक्ष ठेवण्यांत आलें. १० सेकंदही उभें राहूं न शकणारांत मृत्यूचें प्रमाण अधिक आढळलें (२०२२). एका पायावर उभें न राहवणें हें मृत्यूचें कारण नव्हे, शरीराच्या एकंदर स्थितीची ती खूण आहे. तेव्हां आंकडा कमी आला म्हणून घाबरूं नये. महिन्याच्या पहिल्या तारखेस ही परीक्षा घ्यावी आणि ज्या वहींत पावसाची नोंद ठेवतों तिच्यांतच शेजारीं आंकडा लिहावा. डाव्या पायाचा निराळा, उजव्या पायाचा निराळा. दोन्ही सहसा सारखे येत नाहींत, आणि ज्या पायाचा कमी येईल त्याच्यावर पुढील महिनाभर भार एक श्वास अधिक थांबवावा.